आयतरी, सर

भालकीच्या कॉलेजात मी खेळाचा मास्तर होतो. तेव्हा आंतरमहाविद्यालयीन सामन्यांना लांब जावं लागायचं, दोन-दोन मुक्काम करून. पोरं जायची, धिंगाणा घालून परत यायची. पोरींना मात्र घरचे सोडत नसत. भालकीजवळच्याच मेहकर गावची एक पोरगी होती. आठशे मीटर अशी पळायची की मला वाटावं, माझं घड्याळच बिघडलंय. तिला बी.पी.एड. करून खेळाची मास्तरीण व्हायचं होतं. पण अर्जाला मान्य स्पर्धेचं सर्टिफिकेट लागायचं, आणि तिचं कॉलेजातलं शेवटचं वर्ष चालू होतं. तिचा बाप गवंडी. मी त्याला भेटायला गेलो तर म्हणाला, "पळू द्या की सर, मी कुठं न्हाई म्हणायलाव? पर दिवस बुडायच्या आत पोर घरी पायजे."

मग मी ठरवलं, आपल्या जवळच्या पाच कॉलेजांचा आपलाच गट करायचा. सकाळच्या बसने जायचं, खेळायचं, संध्याकाळी घरी. इतकी साधी गोष्ट! पण पाच प्राचार्यांना एका सतरंजीवर बसवणं काय असतं ते मला विचारा. मी भाबडेपणाने गटाचं नाव 'सीमा गट' लिहिलं. एक प्राचार्य ताडकन उठले, "मास्तर, चड्डी घालून सीमा आंदोलन करायलाव का?" बरं, 'मांजरा गट' म्हणालो, तर आळंदच्या कॉलेजवाले रुसले, आमच्याकडं मांजरा नदीच न्हाई म्हणे. तारखेचं तर बोलायलाच नको. एकाच्या गावी उरूस, एकाच्या गावी रथ, आणि येळवस, म्हणजे वेळ अमावस्या, आली की सगळं कॉलेजच शेतात भज्जी-आंबील खायला! शेवटी नुसता 'नवा गट' असं लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि तो कागद मान्यतेसाठी विद्यापीठाच्या कचेरीत दिला.

त्या कागदासाठी गुलबर्ग्याला तीन खेपा घातल्या. तिथला कारकून मोठा गोड माणूस, दर वेळी चहा पाजायचा. तिसऱ्या खेपेला मी म्हणालो, "साहेब, एवढी मान्यता द्या. एका पोरीच्या आयुष्याचा प्रश्न आहे." त्याने मान डोलावली. "आयतरी सर, आयतु."

कानडीत आयतु म्हणजे झालं; आदरानं म्हणायचं तर आयतरी. आणि आयतु म्हणजे नुसतं बरं, ऐकलं, असंही. आम्ही सीमेवरची माणसं दिवसभर हा शब्द तोंडात घोळवतो. बायको म्हणते येताना मीठ आणा, आपण म्हणतो आयतु, आणि हात हलवत घरी येतो. हे मला ठाऊक नव्हतं का? चांगलं ठाऊक होतं. पण गरज होती ना, कानांनी हवं तेच ऐकलं. भालकीत उतरल्या उतरल्या मी पोरीला सांगितलं, "झालं बाई तुझं काम."

सामने झाले. तिचा बाप कामावर खाडा करून आला होता, चुन्याच्या रेघेजवळ उकिडवा बसला होता. पोरगी पहिली आली, आणि दिवस बुडायच्या आत घरीही पोचली. सर्टिफिकेटवर सही करताना माझीच छाती फुगली होती.

महिन्याभरात तिचा अर्ज कॉलेजात परत आला. स्पर्धा अमान्य. मी गुलबर्ग्याला धावलो. आमचा कागद त्याच टेबलावर, त्याच ढिगात होता. कारकून खरोखरच गोंधळला. "मैं आयतु बोला सर, हो गया कब बोला?" मी त्याच्यावर ओरडणार होतो, पण खरं तोच बोलत होता. मान्यतेची बैठक दोन महिन्यांनी होती, अर्जाची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. पाचही प्राचार्यांना भेटलो. सगळे हळहळले, सगळ्यांनी चहा पाजला. पुढल्या वर्षी मान्यता आली म्हणा, बैल गेला अन् झोपा केला.

मेहकरला जाऊन सांगणं मला भाग होतं. बाप दारातच भेटला.

"कामून परत आला अर्ज? पळाली न्हाई का ती?"

"पळाली की."

"पयली आली न्हाई का?"

"आली."

"मग?"

चूक माझी आहे, एवढंच कसंबसं म्हणालो. पोरगी चौकटीला टेकून ऐकत होती. ती रडली असती, मला चार शब्द बोलली असती, तर बरं झालं असतं. तिने माझ्या हातातला अर्ज घेतला, घडी घातली.

"आयतरी, सर," ती म्हणाली.

बरं म्हणाली, की झालं म्हणाली, हे मी तेव्हा विचारलं नाही. अजूनही मला माहीत नाही.