जफरमामूंचा पॅच

राळेगावच्या स्टँडजवळ जफरमामूंचं सायकलचं दुकान होतं. कापूस बुडाला, लोकांनी फटफट्या विकल्या आणि जुन्या सायकली मामूंकडे परतल्या. पण मामूंच्या आतड्याला जखमा होत्या. पंक्चर अर्धं सोडून ते दहादा संडासाकडे धावायचे. गिऱ्हाईक हसलं की माझं डोकं फिरायचं.

मी त्यांची भाची, नागपुरात याच आजारावर संशोधन करत होते. एकदा सांगितलं, "मामू, औषध नाही, नुसता जेल जखमेवर चिकटवायचा. खाली आतडं आपलं आपण भरून येतं."

"म्हंजे पॅच. पण वल्या ट्यूबले पॅच चिकटत नाही, रुबीना. आतडं तर सदाच वलं."

दोन वर्षं प्रयोगशाळेत आम्ही नेमके तिथंच अडकलो होतो. "लवकर जमवते, मामू," मी म्हणाले.

"घाई नको करू," ट्यूब पुसत मामू म्हणाले. "घाईचा पॅच निघते. मी धकवतो तवरक."