गुरुवारच्या बाईसाहेब

कारंज्याच्या एसटी स्टँडवर त्या सकाळी आमची अख्खी वस्ती जमली होती. मी विलायतेला चालले होते, पण त्याआधी अकोल्याची बस पकडायची होती आणि ती वेळेवर यायला तयार नव्हती. त्यामुळे माझा निरोप दोनदा झाला. पहिल्यांदा सगळ्या बाया गळ्यात पडून रडल्या, बस आलीच नाही. मग सगळे तिथंच बसून शेंगा खात राहिले. दुसऱ्यांदा बस खरोखर आली तेव्हा एवढी धांदल उडाली की रडायला कोणाला सवडच मिळाली नाही. बा माझी पत्र्याची ट्रंक घेऊन टपाच्या शिडीवर चढला. कंडक्टर म्हणाला, "बुवा, हमाल करा." बा वरूनच म्हणाला, "मीच हमाल हाय."

माय खिडकीखाली उभी होती. "तिकडं भाकर भेटत नसन तं कळवजो," एवढंच म्हणाली. जणू तिनं केलेली भाकर पुढच्या बसनं मला पोचणार होती.

दुष्काळाचं मोठं साल नुकतंच सरलं होतं. बा कारंज्याच्या एका जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गठाणी उचलायचा. माय दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जायची. छप्पन साली आमच्या वस्तीनं बौद्ध धम्म घेतला तेव्हा मी पाच वर्षांची होते. बानं त्याच आठवड्यात माझं नाव शाळेत घातलं. पुढं मी अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात नर्सिंग शिकले. तिथल्या एका वयस्कर सिस्टरनं माझा विलायतेचा फॉर्म स्वतः बसून भरला आणि म्हणाली, "तिकडे नर्स कमी पडतात. तू जा."

गेले. बर्मिंगहॅमजवळचं कारखान्यांचं गाव. धुरकट विटांची घरं, सगळी एकासारखी एक. पहिला महिनाभर मी माझं घर दाराच्या रंगावरून ओळखायची. त्या घराच्या मालकीणबाई मिसेस हॉब्ज. साठीच्या, विधवा, उभा जन्म खिळ्यांच्या कारखान्यात काढलेल्या. वरच्या मजल्यावरची खोली त्यांनी मला भाड्यानं दिली होती.

दवाखान्यात गेल्यावर कळलं की नर्सिंगचे दोन अभ्यासक्रम आहेत. एक तीन वर्षांचा. तो केला की पुढं सिस्टर होता येतं, वॉर्ड हाताखाली येतो. दुसरा दोन वर्षांचा. तो केला की जन्मभर दुसऱ्याच्या हाताखाली. आमच्यासारख्या बाहेरून आलेल्या बहुतेक मुलींना न सांगता दुसऱ्यात घातलेलं होतं. कागदावर सही माझीच होती. इंग्रजी वाचता येत होतं, पण त्या कागदाचा अर्थ मला समजलेला नव्हता. वरच्या वर्गात जायचं तर मेट्रनपुढं वेगळी मुलाखत द्यावी लागायची. पहिल्या वर्षाच्या शेवटी मी ती दिली.

मेट्रननं विचारलं, "वडील काय करतात?"

मी म्हटलं, "कॉटन बिझनेस."

हे उत्तर मी आरशासमोर घोटून गेले होते. कापूस खरा होता, बिझनेसही कोणाचा तरी होताच. पुढचीही सगळी उत्तरं मी अशीच पाठ केलेली होती आणि ती पाठ केल्यासारखीच बाहेर पडली. मेट्रन सभ्यपणे म्हणाली, "पुढच्या वर्षी पाहू."

आता एका मालिकेचं सांगते. तुमच्यापैकी ज्या माझ्यासारख्याच तिकडे गेल्या, त्यांनाही ती आठवत असेल. दर गुरुवारी संध्याकाळी मिसेस हॉब्जच्या टीव्हीवर एक विनोदी मालिका लागायची. मला सुट्टी असली की त्या जिन्याखालून हाक मारायच्या आणि आम्ही दोघी चहाचा मग हातात घेऊन बसायचो. गोष्ट साधी होती. एक बाई साध्या मोहल्ल्यातून उठून बऱ्या लोकांच्या गल्लीत राहायला येते आणि तिथल्या लोकांसारखं दिसायची धडपड करते. फोन वाजला की आवाज बदलायची. पडद्यांचं कापड शेजारणीच्या पडद्यांपेक्षा भारी हवं म्हणून नवऱ्याचा जीव खायची. नवरा बिचारा सपाता घालून पेपर वाचत बसायचा. मी तिला बाईसाहेब म्हणायची. मिसेस हॉब्जनाही तो शब्द शिकवला. मग गुरुवारी त्या हाक मारायच्या, "चल गं, बायसाब आल्या."

पहिले काही आठवडे मला निम्मे विनोद कळत नव्हते. मागून प्रेक्षक हसले की मी हसायची. मिसेस हॉब्ज ते ओळखून समजावून सांगायच्या. अमुक शब्द बडे लोक असा बोलतात, ही तसा बोलायला जाते आणि तोंडघशी पडते. "माझी नणंद थेट अशीच आहे," असंही म्हणायच्या. पुस्तकातल्या इंग्रजीनं मला परीक्षेपर्यंत नेलं होतं. लोक खरं कसं बोलतात, टोमणा कुठं असतो, माफी मागताना कोण खरंच माफी मागतंय, हे मला बाईसाहेबांनी शिकवलं. वॉर्डात पेशंट चेष्टा करायचे तेव्हा मी आता उलटून बोलू लागले. म्हातारे खूश व्हायचे.

त्याच सुमारास गावातले एक मराठी डॉक्टर आणि त्यांची पत्नी सुनंदावहिनी यांची ओळख झाली. मूळचे पुण्याचे. वहिनी प्रेमळ होत्या. पहिल्याच भेटीत त्यांनी मला चिवड्याचा डबा दिला आणि विचारलं, "तुम्ही कुठल्या? घरचं काय असतं?" माझ्या तोंडून तेच निघालं. वऱ्हाडातल्या कारंज्याचे, कापसाचा व्यापार. "अगबाई, म्हणजे पेढी असेल," त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं. तेव्हापासून दर महिन्याला त्यांच्याकडे जेवायला बोलावणं येऊ लागलं. मी जायची. तिथं मी 'मले' म्हणत नव्हते, 'काहून' म्हणत नव्हते. पुणेरी बोलायची आणि घरी येईपर्यंत माझा जबडा दुखायचा.

दुसऱ्या हिवाळ्यात घरून पाकीट आलं. त्यात बाचा फोटो होता. धाकट्या भावानं, सुरेशनं लिहिलं होतं की शेलूबाजारचा फोटोवाला आला होता, आम्ही बाला म्हटलं की सदरा घाल, स्टुडिओत चल. बानं ऐकलं नाही. तो म्हणाला, मी जिथं काम करतो तिथंच काढा. म्हणून फोटोत बा जिनिंगच्या दारात उभा. अंगात फाटकी बंडी, हातात गठाण ओढायचा लोखंडी आकडा, केसांवर कापसाचा पांढरा पुंजका चिकटलेला. चेहऱ्यावर असा रुबाब की ती जिनिंग त्याचीच असावी. खाली सुरेशनं बाचे शब्द जसेच्या तसे लिहिले होते, "पोरीले सांग, अजून दोघाईचं वजन एकटा उचलतो म्हना."

मिसेस हॉब्जनी तो फोटो माझ्या हातून घेतला, खालच्या खोलीत शेकोटीवरच्या फळीवर आपल्या नवऱ्याच्या फोटोशेजारी लावला आणि म्हणाल्या, "दोघांचं छान जमेल."

त्यानंतरच्या गुरुवारी मालिकेत बाईसाहेबांचा सख्खा भाऊ आला. तो घरोघर कोळसा टाकायचा. नेमके त्याच वेळी दारावर बडे पाहुणे. बाईसाहेबांनी भावाला स्वयंपाकघरात ढकललं आणि तिथून मागच्या दारानं बाहेर काढलं. त्याचं तोंड काळं, हातात बहिणीसाठी आणलेला केक. मिसेस हॉब्ज डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मीही हसले. मग माझी नजर फळीवरच्या बाकडे गेली आणि मी रिकामा मग घेऊन स्वयंपाकघरात गेले.

तरी माणूस एका दिवसात शहाणं होत नाही. रविवारी सुनंदावहिनी पहिल्यांदाच माझ्याकडे चहाला येणार होत्या. सकाळी मी फळी पुसायला म्हणून फोटो उचलला, तो वर नेऊन ट्रंकेत साड्यांखाली ठेवला.

वहिनी आल्या. मिसेस हॉब्जनी ठेवणीतले कप काढले. बोलणं छान चाललं होतं. मधेच मिसेस हॉब्जची नजर फळीवर गेली आणि त्या मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं, तुझे वडील कुठं गेले? काल तर इथंच होते."

वहिनींना काही कळेना. "वडील आलेत?" त्यांनी मला मराठीत विचारलं.

मी कप खाली ठेवला. मी जिना चढले, ट्रंक उघडली, फोटो काढला. परत उतरताना प्रत्येक पायरीवर वाटत होतं की काहीतरी दुसरं सांगता येईल. खाली आले आणि फोटो वहिनींच्या हातात दिला.

"हा माझा बा," मी म्हटलं. "कारंज्याच्या जिनिंगमध्ये गठाणी उचलतो. पेढी नाही आमची. मी खोटं बोलले होते. माय कापूस वेचते. आमी बौद्ध आहोत."

'आमी' बाहेर पडलं ते पडलंच. वहिनी बराच वेळ फोटोकडे पाहत होत्या. शेवटी म्हणाल्या, "मला आधी सांगायचं होतंस." त्यात राग होता की वाईट वाटणं, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी चहा पूर्ण घेतला, माझ्या पाठीवर हात ठेवून निरोप घेतला. पुढं बोलावणी कमी झाली, मग थांबली. मला त्याचं दुःख झालं. पण त्या रविवारी त्या गेल्यावर मी फोटो फळीवर ठेवला आणि मला अशी कडकडून भूक लागली की मी नि मिसेस हॉब्जनी पाव्हण्यांसाठी आणलेला सगळा केक संपवला.

काय झालं ते त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझा नवरा कोळशाच्या खाणीत होता. त्याच्या नखातला कोळसा लग्नाच्या दिवशीही निघाला नव्हता. मी त्याच हातात हात दिला."

दुसरी मुलाखत उन्हाळ्यात झाली. तीच मेट्रन, शेजारी आणखी दोघं. या वेळी मी काही पाठ केलं नव्हतं. वडिलांबद्दल विचारलं तेव्हा मी म्हटलं, "ते कापसाच्या गठाणी उचलतात. आमच्या घरात शिकलेली मी पहिली." मेट्रननं चष्म्यावरून पाहिलं. "गेल्या वर्षी तू बिझनेस म्हणाली होतीस." तिनं ते लिहून ठेवलं होतं. मी म्हटलं, "हो. तेव्हा मला वाटत होतं की खरं सांगितलं तर तुम्ही मला खालीच ठेवाल. मग खोटं बोलूनही खालीच राहिले."

तिघंही हसले. मग तिनं मला लागोपाठ वॉर्डातले प्रश्न विचारले. पेशंट अचानक पांढरा पडला तर, डॉक्टरनं चुकीचा डोस लिहिला तर, घरचे लोक ओरडू लागले तर. मी रोज करत होते तेच सांगितलं. दोन वर्षं ज्या वॉर्डात मी बेडपॅन उचलले, त्या वॉर्डाची खडानखडा माहिती मला होती. आठवड्याभरात पत्र आलं. मला तीन वर्षांच्या वर्गात घेतलं होतं. आमच्यातली दोन वर्षांच्या वर्गातून वर आलेली मी पहिली. माझ्यामागून केरळची एक आणि जमैकाच्या दोघी आल्या. त्यांच्या मुलाखतीची तयारी मीच करून घेतली.

दशक संपता संपता मी सिस्टर झाले. निळा गणवेश, कमरेला चांदीचं बक्कल, हाताखाली वॉर्ड. त्या गणवेशात फोटो काढला आणि मिसेस हॉब्जनी तो फळीवर बाच्या बाजूला लावला.

त्यानंतर पहिल्यांदा गावी गेले. सात वर्षांनी. आल्या दिवशी संध्याकाळी वस्तीतल्या बाया आमच्या अंगणात जमल्या. आमच्याकडे तेव्हा टीव्ही कोणी पाहिलेला नव्हता. शांतामावशी म्हणाली, "तिकडं पेटीत मानसं दिसतेत म्हने. काय करतेत ते पेटीत?" मग मी उठले, पदर खोचला आणि त्यांना बाईसाहेब करून दाखवल्या. अस्सल वऱ्हाडीत. फोनवरचा आवाज, पडद्यांची पंचाईत, नवऱ्याच्या सपाता. बाया लोळायच्या राहिल्या होत्या. मग भावाला मागच्या दारानं काढते, तो भागही केला.

माय मात्र हसली नाही. "भावाले कोनी असं काढते काय व?" ती म्हणाली. "मंग भावानं काय केलं?"

"काही नाही माय. केक तिथंच ठेवून गेला."

"येडी हाय ते बाई," माय म्हणाली. "लय एकटी पडली असन ते."

इतकी वर्षं मी आणि मिसेस हॉब्ज त्या बाईला हसत होतो. ती एकटी आहे, हे आम्हा दोघींना कधी सुचलं नव्हतं. मी मायजवळ बसले आणि तिला माझ्या खोटं बोलण्याचं सगळं सांगितलं. पेढीचं, फोटो लपवल्याचं, जिन्याचं. बा खाटेवर बसून ऐकत होता. मला वाटलं, त्याला लागेल. तो म्हणाला, "येकडाव लपवला, येकडाव काढला. हिसाब बरोबर झाला. आता त्या हॉब्जबाईचा नवरा किती वजन उचले ते सांग."

आज मी पंचाहत्तरीला टेकलेय. माय, बा, मिसेस हॉब्ज, कोणीच राहिलं नाही. माझं घर त्याच विटांच्या गावात आहे, मुलं तिथं, नातवंडं तिथं. दर दोन वर्षांनी कारंज्याला जाते. वस्तीतल्या पोरी आता पुण्याला, बंगळूरला, दुबईला निघतात आणि मला विचारतात, आत्या, घर सुटल्यावर करमते का? मी त्यांना खरं तेच सांगते. करमत नाही, मग करमायला लागतं, आणि मग एक दिवस दोन्हीकडे करमतं. ज्या माणसांपुढं मला माझं काहीच झाकावं लागलं नाही, ती जिथं जिथं भेटली, ते सगळं माझं घर झालं. त्यात कारंज्याचं अंगण आलं आणि मिसेस हॉब्जची बैठकीची खोलीही आली. गेल्या खेपेला मी सुरेशच्या नातीला घेऊन विलायतेला परतले. तीही मला आत्याच म्हणते, आणि आता माझ्याच जुन्या दवाखान्यात डॉक्टर आहे. पहिल्या दिवशी तिनं वॉर्डातून फोन केला आणि सगळ्यांच्या देखत, खणखणीत आवाजात म्हणाली, "आत्या, जयभीम. मी पोचली. इथं सारे मले विचारून राह्यले का तू कुठली, आन् मी कारंज्याची म्हनून सांगून सांगून थकली."