मुकादमबाईंची सुट्टी

आमच्या कापसाच्या जिनिंगच्या फाटकावर कार्डाचं मशीन बसलं आणि पहिल्याच सकाळी मुकादमबाईंनी त्याला जयभीम घातला. कार्ड जवळ नेलं की मशीन टुंग करायचं, आणि बाई मान लववून, जयभीम म्हणून आत जायच्या. मी टाइम ऑफिसात होतो. मशीनला कसला नमस्कार करता, असं मी एकदा विचारलं. "आवाज देते ना थे आपल्याले? मंग उत्तर द्या लागते," बाई म्हणाल्या. "साहेबाले केला तं थो मानही हालवत नाई."

कार्ड मशीनला टेकवावंही लागत नाही, लुगड्यातूनही त्याला कळतं, हे बाईंनी लवकरच ओळखलं. मग कार्ड पदराच्या गाठीत गेलं आणि बाई नुसती गाठ मशीनपुढे धरू लागल्या. एकदा गाठीत दोन कार्डं निघाली, तर मशीन गप्प. बाईंनी गाठ सोडली, कार्डं वेगळी केली आणि मागच्या बायांना समज दिली की याच्याशी एका वेळी एकानंच बोलायचं.

ती वर्षं कापसाची वाईट होती. बोंडअळीनं पीक खाल्लं की आमची कापसाची गंजी लहान, आणि गंजी लहान म्हणजे तिच्यातली कवडी, म्हणजे किडका कापूस, न् कचरा वेचणाऱ्या बायांना काम कमी. जागा रिकामी होण्याची वाट पाहत कितीतरी जणी फाटकाबाहेर बसलेल्या असत. त्यात सलग आठवडाभर कार्ड वाजलं नाही की कॉम्प्युटर आपणहून नाव काढायचा. बाळंतपण नावाची गोष्ट त्याला कोणी सांगितली नव्हती.

बाईंच्या टोळीतली संगीता बाळंत झाली. तिची जागा गेली असती तर परत मिळाली नसती. शेतात कोणाचं काम अडलं की सगळे मिळून करतात, ती इर्जिक बाईंनी जिनिंगमध्ये आणली. संगीताच्या वाट्याचा कापूस बाया मिळून वेचायच्या आणि तिचं कार्ड बाई वाजवायच्या. मला दिसत होतं. पण काम झालेलं असायचं, म्हणून मीही गप्प होतो.

बाळाच्या नामकरणाला सगळ्या टोळीनं रजा टाकली. संगीताचा नवरा भोळा माणूस, त्यानं मॅनेजरसाहेबांनाही आमंत्रण दिलं. साहेब गेले, बाळाला मांडीवर घेतलं, पोटभर जेवले, आणि परत येऊन त्यांनी हजेरी पाहिली. पूर्ण टोळी रजेवर. हजर एकटी संगीता.

साहेब गंजीकडे गेले, मी मागोमाग. तिथं मुकादमबाई एकट्याच वेचत बसल्या होत्या. एका दिवसाचाही खाडा पडून संगीताचा रोज बुडू द्यायचा नव्हता, आणि वेचायला कोणी नसताना नुसतं कार्ड वाजवणं बाईंना पटेना. म्हणून स्वतःची रजा टाकून त्या संगीताच्या कामावर आल्या होत्या. अशी चूक दुसऱ्या कोणाला सुचलीही नसती.

संगीता कुठं आहे, साहेबांनी विचारलं.

"कामावर हाय," बाई म्हणाल्या. "मी सुट्टीवर हाय, साहेब."

साहेबांना हसू आलं होतं, ते मी पाहिलं. पण एकाचं कार्ड दुसऱ्यानं वाजवलं तर ज्याचं कार्ड त्याचं नाव कापायचं, हा नियम त्यांनीच फाटकावर लावलेला. ते संगीताचं नाव काढणार, तोच बाईंनी गाठ सोडून आपलं कार्ड पुढं केलं.

"एक नाव काटा लागते ना? माह्यं काटा. तिच्या घरून तं तुमी आताच जेवून आले."

साहेबांनी कार्ड घेतलं. ऑफिसात जाऊन त्यांनी बाईंचंच नाव काढलं.

मला वाटलं, आता बाई घरी जातील. त्या पुन्हा वेचायला बसल्या, कारण संगीताची पाळी अजून संपायची होती. पाळी सुटल्यावर त्यांनी संगीताचं कार्ड वाजवलं आणि टाइम ऑफिसात येऊन माझ्या हातात दिलं.

"संगीता आली का मधात लेकराले पाजाले सोडत जा, भाऊ."

मी हो म्हणालो. बाई दारव्ह्याला जाणाऱ्या जीपमध्ये बसून गेल्या.

संगीता कामावर आली. दुपारी मी तिला सोडायचो, आणि ती येईस्तोवर तिचं काम बाकीच्या बाया ओढून न्यायच्या. बाई लोकांच्या शेतात सोयाबीन सोंगायला, कापणीला जातात, असं ती सांगायची. ते पोर आता शाळेत जातं. मुकादमबाईंच्या जागी साहेबांनी पुढं कोणाला नेमलं नाही, आणि नेमा असं मीही त्यांना कधी म्हटलं नाही.