आईचा जुना नंबर

हे मी आजवर कुणाजवळ बोललेले नाही. विलासजवळ नाही — नवरा आहे माझा, पंचवीस वर्षांचा संसार आहे — आणि सायलीजवळ, आमच्या मुलीजवळ, तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ऐकायला गोष्ट अगदी साधी वाटेल. घरातल्या मोबाइलचा प्लॅन बदलण्याची. त्यात लपवण्यासारखं काय असणार? मीही स्वतःला बरेच दिवस हेच विचारून गप्प करत होते.

आम्ही तळेगावात राहतो, सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर. मी शाळेच्या ऑफिसात लेखनिक आहे. त्यामुळे सासरचे, माहेरचे, शेजारचे, सगळ्यांचे फॉर्म मीच भरते. आधार असो, गॅस असो, 'सुमनला विचारा' हे ठरलेलं. आई तर मी बोट ठेवीन तिथे सही करायची. काय लिहिलंय म्हणून कधी विचारायची नाही.

माहेर कार्ल्याचं. हायवेच्या कडेला आईबाबांची टपरी होती, पिठलं-भाकरीची. दत्तू माझा धाकटा भाऊ. टपरीची पाटी त्यानंच रंगवली होती — 'घरगुती जेवण मिळेल', आणि खाली मोबाइल नंबर, एकेक आकडा वीतभर. पाटी वाळायच्या आत बाबांनी त्याला गिऱ्हाइकांसमोर थोबाडीत मारली. निळा रंग सांडला होता, असलं काहीतरी कारण. त्यानं ब्रश पाण्यात ठेवला, हात पुसले आणि समोर थांबलेल्या बसमध्ये चढला. परत आला नाही. बाबा गेले तेव्हाही नाही.

बाबांच्या मागे तो पाटीवरचा नंबर आईकडे आला, आणि त्यावर ते फोन सुरू झाले. दोन-तीन महिन्यांतून एकदा, दर वेळी वेगळ्याच नंबरवरून. पलीकडून कुणी बोलायचं नाही. आई म्हणायची, दत्तूच आहे, घसा खाकरतो तो त्याचाच. मी एकदा उलट फोन लावून पाहिला, तर कुणा हॉटेलवाल्याचा निघाला. इथून दिवसभर कोण कोण फोन लावतं, मी कुणाकुणाचं लक्षात ठेवू, म्हणाला. मी आईला सांगायचे, अगं जाहिरातवाले असतात ते, मशीन लावतं फोन. ती नुसती हसायची. लहान मुलाला हसावं तशी. ते मला अजिबात आवडायचं नाही.

पुढे आईचे गुडघे गेले, टपरी बंद झाली, आणि मी तिला इकडे आणलं. मी आणलं — हे सांगताना अजून मान ताठ होते बघा माझी. तिची औषधं, गुडघ्यांना शेक, कमी मिठाची वेगळी भाजी, सगळं शाळा सांभाळून. आणि ती दिवसभर गॅलरीत. तिच्या मोबाइल कंपनीची रेंज आमच्या घरात यायची नाही, फक्त गॅलरीत यायची. म्हणून तिथे प्लास्टिकच्या खुर्चीत, मांडीवर तो बटणांचा फोन घेऊन ती बसायची. ऊन असो, वारा असो.

एका रविवारी दुपारी तो वाजला. मी ओट्याशी भाकरी थापत होते. आई नेहमीसारखी एकटीच बोलत होती, जेवलास का, अंगावर काही घेतोस का न्हाई. मग तिनं आवाज खाली आणला. तिला वाटलं, मला ऐकू जात नाही.

"लेकीच्या दारात पाहुणी हाय रं मी," ती म्हणाली. "तू ये. तू आलास की मी माझ्या घरी जाईन."

भाकरी करपली. पाहुणी? सहा वर्षं झाली होती तिला माझ्याकडे. सहा वर्षं मी तिची नखं कापत होते, आणि जो एक शब्द बोलत नव्हता — जो कदाचित कुणीच नव्हता — त्याला ती सांगत होती की ही पाहुणी आहे. मला त्या क्षणी तिचा राग आला. खरं सांगते, फार राग आला.

त्याच महिन्यात प्लॅनचं निघालं. सायलीला नेट पुरेना, विलासला कंपनीतून घरी फोन लागेना. चौघांचा एकच प्लॅन घेऊ, ज्याची रेंज घरात येते त्या कंपनीचा, असं सगळ्यांचं ठरलं. बघायचं काम अर्थात माझं. स्टेशनजवळच्या दुकानात मुलानं नीट समजावलं — प्रत्येक फोनवरून एक मेसेज पाठवायचा, कोड येतो, तो आणून द्यायचा. नंबर तोच राहतो, मॅडम, काही बदलत नाही. कोड मात्र चारच दिवस चालतो.

चारही फोनवरून मी मेसेज पाठवले. चारही कोड आले. आईच्या फोनवर आला तो तिला वाचता येण्यासारखा नव्हता. तिघांचे कोड मी नेऊन दिले. आईचा तिच्या फोनमध्येच राहू दिला. एक दिवस, दोन दिवस. रोज संध्याकाळी घरी येताना त्या दुकानावरूनच तर येत होते मी. चौथा दिवस गेला आणि मी तिच्यासाठी नवा नंबर घेऊन आले.

विलासला सांगितलं, तिचं सिम बाबांच्या नावावर आहे, ते नव्या कंपनीत जात नाही. साफ खोटं. बाबांनंतर ते तिच्या नावावर करायचा फॉर्म मीच भरला होता. आई एवढंच म्हणाली, जुना नंबर कशाला घालवायचा, तो दत्तूला पाठ हाय. तेव्हा मी म्हणाले — किती सहज म्हणाले — की जुना नंबर लावला की कंपनी आपोआप नवा सांगते. तिनं माझ्याकडे पाहिलं.

"तू केलं म्हंजी बरोबरच आसंल," ती म्हणाली.

जुनं सिम माझ्या शिवणाच्या डब्यात पडून होतं. तीन महिने तरी ते मेलं नव्हतं. नुसतं रिचार्ज केलं असतं तरी चाललं असतं. रोज वाटायचं, उद्या करू. तुम्ही म्हणाल, विसरलीस. नाही हो. डबा उघडला की ते दिसायचं, आणि मी त्याच्यावर रिळं सारायचे.

नव्या नंबरची रेंज घरभर होती. तरी आई गॅलरीतच बसायची. फोन यायचे ते बँकेचे, कर्ज हवंय का विचारणारे. प्रत्येक फोनला ती आधी थोडं थांबायची, पलीकडचा खाकरतो का ऐकायची, आणि मगच हॅलो म्हणायची.

वर्ष उलटून गेलं. भाद्रपदात, सर्वपित्रीच्या सकाळी, मी बाबांचं पान वाढत होते. खीर, वडे, भोपळ्याची भाजी. आई भिंतीला धरून स्वयंपाकघरात आली.

"त्याचं बी पान वाढ सुमे," ती म्हणाली. "आसता तर एवढे दिस गप बसला नसता."

आणि मी वाढलं! दोन्ही पानं गॅलरीच्या कठड्यावर ठेवली. बाबांच्या पानाला कावळा लगेच शिवला. दत्तूच्या पानाला दुपारपर्यंत शिवला नाही. आई आतून विचारत होती, शिवला का, शिवला का. शेवटी मी ते पान उचललं, पिशवीत घातलं आणि शिवला म्हणून सांगितलं. ती पदर तोंडाला लावून रडली. मग संध्याकाळी जेवली.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या ऑफिसातून मी तो जुना नंबर लावला. का लावला? लागणार नाही अशी खात्री करून घ्यायला, बहुतेक. पण तो लागला. तो नंबर आता दुसऱ्या कुणाला तरी मिळाला होता. सोलापूरकडच्या एक बाई होत्या, बोलायला मऊ. मी जुन्या नंबरचं सांगितलं तेव्हा त्याच म्हणाल्या, अहो, मग ते तुमच्याकडचे का? एक फोन यायचा मला, कुणी बोलायचं नाही. दोन महिन्यांपूर्वी मी रागावले, कोण आहे म्हणून, तर एक माणूस बोलला. आई आहे का, म्हणाला. मी राँग नंबर सांगितला. घसा खाकरला आणि ठेवून दिला बिचाऱ्यानं.

ऑफिसात पोरांचा गलका होता. मी दुसऱ्या कानावर हात ठेवून ऐकत होते.

"परत आला तर तुमचा नंबर देऊ का त्यांना?" बाईंनी विचारलं.

इथेच यायचं होतं मला. इतकं सगळं सांगितलं ते इथवर यायला. नंबर घालवला तेव्हा मी म्हणू शकत होते की तो दत्तू नव्हताच. आता तसं म्हणायला जागा नव्हती. तो होता. जिवंत होता, आणि आईला विचारत होता. दहा आकडे सांगायचे होते फक्त. पण तो आला असता, तर आईला कळलं असतं ना — पाटीवरचा नंबर कुणी घालवला, न शिवलेलं पान शिवलं म्हणून कुणी सांगितलं. आणि ती त्याच्याबरोबर कार्ल्याला गेली असती.

"नको," मी म्हणाले. "राहू द्या."

आई त्यानंतर सात महिने होती. रोज माझ्यासमोर होती. सातही महिने मी सांगितलं नाही. शेवटच्या दिवसांत ती मरणाला घाबरली नाही. माझा हात धरून म्हणाली, दत्तू तितं वाट बघत आसंल. मी हो म्हणाले.

नंतर मी तो नंबर पुन्हा लावला. बाईंनी सांगितलं, त्यानंतर फोन आला नाही.

यंदाच्या सर्वपित्रीला मी तीन पानं वाढली. बाबांचं, आईचं आणि दत्तूचं. सायलीनं केळीची पानं पुसून दिली. दत्तूचं पान वाढू नका म्हणू शकेल असं घरात माझ्याखेरीज कुणी नाही, आणि मी म्हणाले नाही.