फोटोची डावी कड

माझ्या शेजाऱ्यानं मला फसवलं. त्यानं माझ्याकडून एका म्हातारीशी गालिच्याचा भाव करून घेतला, भाव चालू असताना चोरून माझा फोटो काढला, गालिचा स्वतःच्या घरात अंथरला आणि माझं तोंड लायब्ररीच्या भिंतीवर टांगलं. मिशिगनमधल्या नोव्हाय गावातल्या आपल्या लोकांना ही गोष्ट गमतीची वाटते. पार्टीत कोणीतरी ती काढतं आणि समोशाच्या ताटाभोवती हशा होतो. म्हणून मी ती एकदा पहिल्यापासून सांगणार आहे.

मी इंजिनियर नाही. हे आधी सांगावं लागतं, कारण आमच्या गावात भेटलेला प्रत्येक मराठी माणूस दुसऱ्याच वाक्याला विचारतो, कुठलं कॉलेज? मी सांगलीकडच्या एका फाउंड्रीसाठी भंगार विकत घेत फिरायचो. लोखंडाच्या ढिगाला लाथ मारून आतला माल किती चांगला हे सांगायचो. बहिणीच्या ओळखीनं अमेरिकेत आलो, गोदामात खोकी उचलली, आणि चढत चढत गाड्यांच्या दारांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका लहान कंपनीत खरेदीच्या खात्यात बसलो. माझा राग वाईट आहे हे मला ठाऊक आहे. पण माझ्याशी व्यवहार केलेला माणूस पुन्हा माझ्याकडेच येतो. कारण भाव करताना मी त्याच्या डोळ्यांत बघून बोलतो. दुकानाच्या फळीवर चिकटवलेल्या किमतीशी कोणाला बोलता येतं?

माझी मुलगी इथलीच. लहानपणी ती माझी भागीदार होती. उन्हाळ्यात लोक घरातलं जुनं सामान अंगणात मांडून विकतात, तिथं आम्ही दोघं जायचो. मी कान खाजवला की तिनं मागून माझी बाही ओढायची आणि रडवेल्या आवाजात म्हणायचं, "चला ना बाबा, जाऊ या." गिऱ्हाईक हातचं जातंय असं वाटून समोरचा खाली यायचा. गाडीत बसल्यावर आम्ही पोट धरून हसायचो. बाकी सगळं ती इंग्रजीत बोलायची. मराठीतलं हे एक वाक्य मात्र तिचं इतकं अस्सल होतं की फोनवर तिच्या आजीला मी ते मुद्दाम ऐकवायचो.

शेजारी पुण्याचा, मोठ्या गाडी कंपनीत इंजिनियर. मी त्याला साहेब म्हणायचो, तो मला शेठ. त्याच्या शेठमध्ये थोडी चेष्टा असायची. ती मी गिळत होतो, कारण माणूस बरा वाटत होता. माझ्याकडे बर्फ उडवायचं मशीन होतं. हिवाळ्यात माझा गॅरेजपुढचा ड्राइव्हवे साफ केला की मी त्याचाही करून टाकायचो. तो खिडकीतून कॉफीचा मग उंचावून दाखवायचा.

त्या हिवाळ्यात सगळ्यांचंच चित्त थाऱ्यावर नव्हतं. गाडी कंपन्या माणसं काढत होत्या. आभाळ करडं, रस्ते बर्फ वितळवायला टाकलेल्या मिठानं पांढरे, गाड्याही मिठानं पांढऱ्या. अशात शेजाऱ्यानं नवा डिजिटल कॅमेरा घेतला. लांब नळकांड्याची लेन्स होती त्याला.

"शेठ, इथं फोटो कसले काढायचे? रंग पाहिजेत राव, रंग! मेक्सिकोला जाऊ या. नोकऱ्या आहेत तोवर जाऊन येऊ."

दोन्ही कुटुंबं निघालो. हॉटेलशी फोनवर बोलून दर कोणी कमी करून घेतला, ते सांगायला नको.

दक्षिण मेक्सिकोतलं ते डोंगरातलं गाव मी विसरणार नाही. एक घर निळं, त्याला चिकटून आंब्याच्या रसासारखं पिवळं, पुढचं गुलाबी. फेब्रुवारीत अंगावर एकच सदरा. माझी बायको पहिल्या दिवशी चौकातल्या बाकावर डोळे मिटून नुसती उन्हात बसली आणि म्हणाली, "अहो, मला आज काहीच दाखवू नका." मुलगी चिंच लावलेला बर्फाचा गोळा खात होती. आम्ही तिघंही बरे होतो तिथं. हे लिहून ठेवतो, कारण पुढं फक्त एकच फोटो उरला.

शेजारी खांबाआड उभा राहायचा. फळं कापणारी बाई, जोडे पुसणारा, चर्चच्या पायरीवर झोपलेला म्हातारा, सगळ्यांचे फोटो लांबून. कोणाशी एक शब्द बोलायचा नाही.

"याला कॅन्डिड म्हणतात, शेठ. माणसाला कळता कामा नये."

"म्हणजे चोरून."

"चोरून नाही हो. नैसर्गिक!"

शेवटच्या दिवशी विणकरांच्या बाजारात गेलो. एका म्हातारीकडे हातानं विणलेला लोकरीचा लाल गालिचा होता. रंग कसला, तर निवडुंगावर वाढणाऱ्या किड्यांचा. तिनं एक वाळका किडा माझ्या तळहातावर चुरडला, हात रक्तासारखा लाल झाला. वर लिंबू पिळलं, लाल रंग डोळ्यांदेखत केशरी झाला. माझी मुलगी ओरडलीच. शेजारच्या वहिनींना तो गालिचा मनातून हवा होता. शेजाऱ्यानं म्हातारीच्या कॅल्क्युलेटरवरचा आकडा पाहिला, डोकं हलवलं आणि माझ्याजवळ आला.

"शेठ, तुम्ही बोला ना जरा. तुम्हाला जमतं. आम्हाला लाज वाटते हो."

मराठी माणसाला हे वाक्य समजावून सांगावं लागत नाही. दुकानासमोर उभं राहून कोणी "तुम्ही बोला" म्हणालं, तर गप्पा मारा असा त्याचा अर्थ नसतो. भाव पाडून द्या, वाईटपणा तुमच्याकडे घ्या, वस्तू आम्हाला द्या, असा असतो. मी घेतला वाईटपणा. आनंदानं घेतला.

म्हातारी पक्की होती. मी बोटानं गालिच्याचा सैल कोपरा दाखवला, तिनं दुसरा घट्ट कोपरा माझ्या नाकापुढं धरला. तेवढ्यात गल्लीतून लग्नाची वरात आली. भोंगे, ढोल, उंच बाहुल्या नाचवणारे लोक. काही ऐकू येईना. ती ओरडायला लागली, मीही ओरडायला लागलो, कॅल्क्युलेटर इकडून तिकडे. मी कान खाजवला. मागून बाही ओढली गेली. "चला ना बाबा, जाऊ या." किती वर्षांनी! म्हातारीनं माझ्या खांद्यावरून मागं पाहिलं, तिला खेळ कळला, आणि ती मुलीकडे बोट दाखवून खदखदून हसली. तिथंच सौदा झाला. तिनं माझा रंगलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरून हलवला. शेजाऱ्यानं गालिचा काखेत मारला आणि म्हणाला, "मानलं, शेठ!"

घरी आलो. पुन्हा बर्फ, पुन्हा मशीन, पुन्हा त्याचा कॉफीचा मग.

वसंत ऋतू म्हणायचा, पण रस्त्याकडेला काळा बर्फ अजून साचलेला होता, तेव्हाची गोष्ट. लायब्ररीत गावातल्या लोकांनी काढलेल्या प्रवासातल्या फोटोंचं प्रदर्शन लागलं. माझी मुलगी तेव्हा हायस्कूलला होती. मैत्रिणींबरोबर ती लायब्ररीत अभ्यासाला गेली आणि घरी येऊन सरळ वर खोलीत गेली. जेवायला आली तेव्हा एवढंच म्हणाली, "बाबा, देअर इज अ पिक्चर ऑफ यू. एव्हरीबडी सॉ इट."

दुसऱ्या दिवशी मी गेलो. फोटो मोठा, चौकट काळी. मी एका बाजूनं दिसतो. तोंड उघडं, दात दिसताहेत, गळ्याची शीर फुगलेली, बोट म्हातारीच्या दिशेनं रोखलेलं. म्हातारीची मान खाली, कारण ती कॅल्क्युलेटर बघत होती. पण कॅल्क्युलेटर तिच्या शालीआड गेलाय. वरात नाही, भोंगे नाहीत. खाली फोटोचं नाव, 'द टूरिस्ट'. त्याखाली शेजाऱ्याचं नाव. आणि हा स्वतः कोण होता तिथं? त्या गावचा पाटील?

एक गोरी बाई माझ्या शेजारी उभी राहून फोटो बघत होती. "पूअर वुमन," ती म्हणाली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं आणि लगबगीनं पुढच्या फोटोकडे गेली.

मी तिथंच उभा राहिलो, म्हणून मला ते दिसलं. फोटोच्या डाव्या कडेला, माझ्या बाहीवर, चार बोटं आहेत. बोटांपुढं फोटो संपतो. माझी मुलगी तिथं उभी होती आणि त्यानं ती कापून टाकली.

घरी येऊन मी तिला समजावायला बसलो. आवाज चढला नव्हता, बायको साक्षीला आहे.

"अगं, काकांनीच सांगितलं मला. तूही ऐकलंस ना?"

"काका सेड 'तुम्ही बोला'. बोला मीन्स टॉक, बाबा. ही आस्क्ड यू टु टॉक टु हर. यू शाउटेड ॲट हर."

घरी आम्ही तिला बोला म्हणजे टॉक असंच शिकवलं होतं. दुकानातला बोला तिला कोणी शिकवला नाही. तिच्यापुरती तिची साक्ष खरी होती.

"बरं, पण मी कान खाजवला आणि तू बाही ओढलीस. आपला खेळ! हसत होतीस तू."

ती टेबलाकडे बघत म्हणाली, "आय वॉज नॉट लाफिंग. आय वॉन्टेड टु गो. फॉर रियल."

माझी मुलगी खोटं बोलत नाही. पण तिनं तो फोटो आधी पाहिला होता आणि मग तिला ते आठवत होतं. मला काय आठवतं? तिचा आवाज आणि म्हातारीचं हसणं. तिचा चेहरा मी पाहिला नाही. भाव चालू असताना मी कधी मागं वळून बघत नाही.

ती हसत होती की लाजेनं मरत होती, हे एकाच ठिकाणी आहे. त्या फोटोच्या कापलेल्या कडेत.

मी शेजाऱ्याच्या दारात गेलो. त्यानं आत बोलावलं. टीव्हीसमोर लाल गालिचा, त्यावर त्याचे पायमोजे घातलेले पाय. मी उभाच राहिलो.

"फोटो उतरवा."

"अहो शेठ, आर्ट आहे ते. तुम्ही पर्सनली घेताय."

"तोंड माझं आहे. पर्सनली कोण घेणार, गव्हर्नर?"

"सगळे कौतुक करताहेत तुमचं. काय एक्सप्रेशन आहे!"

"तुम्हीच म्हणालात ना, बोला म्हणून?"

तो हसला. ते हसणं मी विसरलेलो नाही. "मी बोला म्हणालो होतो शेठ, भांडा नव्हतो म्हणालो."

आतून वहिनी बाहेर आल्या आणि गालिच्याकडे न बघता म्हणाल्या, "चहा घेणार का?" मी नको म्हणालो.

"राहू दे फोटो भिंतीवर," मी म्हणालो. "मला फक्त पूर्ण फोटो द्या. न कापलेला. माझी मुलगी आहे त्यात."

"क्रॉप केला ना तो. कंपोझिशनसाठी. कडेला गर्दी होत होती."

"माझी मुलगी म्हणजे गर्दी?"

"शोधतो, शोधतो."

अजून शोधतोय. पुढच्या वेळी कॉम्प्युटर बंद पडला होता. त्यानंतर सीडी सापडत नव्हती. एका दिवाळीच्या पार्टीत मी पुन्हा विचारलं, तर सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ अजून घासाघीस करताहेत बघा!" आणि समोशाभोवती हशा. माझ्या हातातली ताटली मी खाली ठेवली, थोडी जोरात ठेवली, आणि लोकांना तेवढंच दिसलं. शेठ चिडले.

पुढं मुलीसाठी गाडी घ्यायची होती. ती चालवायला लागेल तेव्हा तिची पहिली गाडी आम्ही दोघं मिळून घेणार, हे ती लहान असल्यापासून ठरलेलं होतं. एका शनिवारी मी कामावरून आलो तर दारात गाडी उभी. मायलेकी जाऊन घेऊन आल्या होत्या. काचेवर चिकटवलेली किंमत, जशीच्या तशी, देऊन.

"अहो, तीच म्हणाली," बायको हळूच म्हणाली. "बाबांना नको न्यायला."

मी गाडीभोवती एक फेरी मारली. चांगली आहे म्हणालो. मुलीनं थँक यू म्हटलं. आता ती कॉलेजला दूर असते. सुट्टीत आली की दुकानाशी मी गाडी थांबवतो, ती म्हणते, "आय विल वेट इन द कार." मी आत जातो, लिहिलेली किंमत देतो आणि बाहेर येतो. कान खाजवतो तेव्हा नुसता खाजवतो.

माझं मशीन हल्ली दोन्ही ड्राइव्हवेंच्या मधल्या रेषेपर्यंत जातं आणि वळतं. तो खिडकीत असतो. कॉफीचा मग उंचावत नाही.

साहेब, हे तुम्ही वाचाल याची मी व्यवस्था करीन. माफी मागू नका, मला ती नको. गालिचा ठेवा, चौकट ठेवा, कौतुक ठेवा. दोन गोष्टी करा. न कापलेला फोटो माझ्या मुलीच्या हातात द्या, त्यात तिचा चेहरा कसाही असो. ती लाजेनं खाली बघत असेल तर तेही मी बघीन आणि पुन्हा तुमच्या दारात येणार नाही. आणि तिच्यासमोर उभं राहून सांगा, दुकानापुढं मराठी माणूस दुसऱ्या मराठी माणसाला बोला म्हणतो तेव्हा तो काय मागत असतो. तुम्हाला लाज वाटत होती, म्हणून तुम्ही मला पुढं केलंत. मी बोललो.

आता तुम्ही बोला.