आईला घारापुरीला नेलं

चाळ पाडून टॉवर झाला आणि लालबागला अठराव्या मजल्यावर आईला स्वयंपाकघर मिळालं. हवा स्वच्छ असली की खिडकीतून बंदरापलीकडचा घारापुरीचा डोंगर दिसायचा. "तो बघ माझा महादेव," ती म्हणायची. दर महाशिवरात्रीला चाळीतल्या बायका घोळक्याने लाँचमधून तिथे जायच्या. आई एकदाही गेली नाही. आधी आजोबा अंथरुणाला, मग बाबांची मिलची पाळी, मग माझी पोरं. बायका परत येऊन सांगायच्या, तीन तोंडांचा महादेव, माकडं, बेटाच्या मागच्या अंगाची वाळू. आई सगळं ऐकायची आणि त्यांनाच चहा करून द्यायची.

"मी नेते गं तुला," मी म्हणायचे. पंधरा वर्षं म्हणत होते. पुढच्या रविवारी नक्की. कसला रविवार नि कसलं काय! माझं ऑफिस फोर्टात, गेटवेपासून चालत दहा मिनिटांवर. डबा खाऊन पाय मोकळे करायला जायचे तेव्हा लाँच सुटताना बघायचे. गेल्या थंडीत आठ दिवसांच्या तापाचं निमित्त झालं आणि आई गेली.

अस्थी घरात घ्यायच्या नाहीत. चाळीत गॅलरीत खिळा होता, टॉवरमध्ये कुठला खिळा? दादाने ते छोटं मडकं पिशवीत घालून जिन्यातल्या ग्रिलला टांगलं. तो म्हणत होता, बाणगंगेवर उरकून टाकू. मी हट्टाला पेटले. म्हटलं, सुतकात लेण्यांत शिरायचं नसेल तर नको, लांबून दाखवू, मग मागच्या वाळूवर जाऊन सोडू. पण न्यायचं तिथेच. दादाने हात टेकले.

पाण्यात सोडायला म्हणून मी त्याच पिशवीत बेसनाचे चार लाडू टाकले. तिला आवडायचे. एवढी अक्कल माझी.

लाँचमधून उतरलो की शंभरेक पायऱ्या, दोन्ही बाजूंना माळा-टोप्यांची दुकानं. दादा धापा टाकत मागे राहिला. वर पोचल्यावर त्याच्यासाठी पाणी घ्यायला मला पर्स उघडायची होती. अस्थी जमिनीवर ठेवायच्या नाहीत, हे लहानपणापासून डोक्यात पक्कं बसलेलं. म्हणून पिशवी शेजारच्या झाडाच्या फांदीला अडकवली. माकडं समोर दिसत होती. दिसत होती हो! तरी अडकवली.

बाटली हातात घेऊन वळले तर पिशवी वरच्या फांदीवर, एका माकडिणीच्या हातात. मी ओरडले तशी ती माकडीण आणखी वर गेली. लाडू काढले, पिशवी झटकली आणि मडकं पायऱ्यांवर पडून फुटलं.

आई पायऱ्यांवर सांडली. राख, हाडांचे तुकडे, त्यात शेंगांची टरफलं, आइस्क्रीमच्या काड्या. वारा होताच. एक जण मोबाइल काढून माकडाचा व्हिडिओ करत होता, त्याच्या बुटाखाली राख होती. "अहो, पाय काढा!" दादा किंचाळला, आणि साठीचा माणूस गुडघ्यांवर बसून ओंजळीने गोळा करायला लागला. मी पण बसले. कुठली आई आणि कुठली धूळ, काही कळेना. मला माझीच किळस आली.

कुणी हसलं नाही, एवढंच. मक्याची कणसं भाजणारी बाई उठून आली, तिने काही न विचारता सुपली पुढे केली, लोकांना बाजूने जायला लावलं आणि स्वतःचा धुतलेला रुमाल दिला. त्यात मूठभर बांधलं. उरलेलं फटींत गेलं, ते तसंच राहिलं.

"कोण होतं, बाय?" तिने विचारलं.

"आई."

"आधी कवा आली होती का हितं?"

मी म्हटलं, "हो, दोन-तीनदा. मीच घेऊन आले होते."

"बरं केलंस गं," ती माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "नायतर म्हाताऱ्यांना कोण आणतंय?"

दादाने रुमालाची गाठ पुन्हा एकदा घट्ट केली आणि मला न घेताच पायऱ्या उतरायला लागला.