अर्ध्या दाढीच्या मागे

आमच्या ह्यांचं सलून आहे. दोन खुर्च्या, एक लांब आरसा आणि एक तत्त्व: हातात घेतलेली दाढी अर्धी सोडायची नाही. साबण लागला की माणूस ह्यांचा, आणि शेवटी तुरटी फिरवली की तो जगाचा. तुरटी फिरल्यावर राजा जरी म्हणाला, इथं एक केस राहिलाय, तरी हे वस्तऱ्याला हात लावणार नाहीत.

ऐकायला छान वाटतं. संसार करून बघा! माझा मुलगा झाला तेव्हा निरोप मिळाल्यावर हे दीड तासानं दवाखान्यात आले, मनगटापर्यंत फेस. एवढा वेळ कुठं होतात, तर म्हणे, "एक गाल राहिला होता." एकदा सलूनच्या छताचा तुकडा पडला. सगळे रस्त्यावर पळाले. हेही पळाले, पण गिऱ्हाइकाची हनुवटी हातात धरून, आणि बाहेर उभ्याउभ्या त्याची मिशी पुरी केली. चौतीस वर्षं मी ह्या माणसाची वाट बघतेय, आणि दर वेळी मध्ये कुणाचा तरी गाल असतो.

गेल्या महिन्यात माझ्या ताईचा फोन आला. अकरा वर्षांनी. आमचं भांडण झालं होतं ते आईच्या शिलाई मशीनवरून. मशीन कुणी न्यायचं? शेवटी नेलं कुणीच नाही, ते जागेवर गंजलं, पण बोलणं तुटलं ते तुटलंच. ताई म्हणाली, "मी लेकीकडे चाललेय, कायमची. मंगळवारी पाचची बस आहे. यायचं तर ये." आणि फोन ठेवून दिला. ताई अडुसष्टची, लेकीचं गाव दोन दिवसांच्या वाटेवर. आता नाही गेले तर पुन्हा भेट कसली? मी ओट्याशी उभी राहून ढसाढसा रडले.

मंगळवारी सकाळी आठला निघालो. गाडी सूनबाई चालवत होती, मी तिच्या शेजारी, हे मागे हत्यारांची पेटी मांडीवर घेऊन. "पेटी कशाला?" मी विचारलं. "असू दे," हे म्हणाले. मी तेव्हाच ती खिडकीबाहेर टाकायला हवी होती.

एक वाजता ताईचं शहर लागलं. शहर आलं खरं, पण शहरानं आम्हाला आत घेतलं नाही. गाद्यांच्या एका दुकानासमोर आम्ही पाऊण तास उभे होतो. दुकानदार बाहेर येऊन पाणी हवंय का विचारून गेला, मग थोड्या वेळानं येऊन गादी बघता का विचारून गेला. पुढच्या गाडीतल्या बाईंचे दोन किलो मटार सोलून झाले. एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत आम्हाला मागे टाकून गेले, आणि पाव घेऊन परत येताना भेटले तेव्हा ओळखीचं हसले. हॉर्न मात्र सगळे वाजवत होते. कुणासाठी, देव जाणे.

चार वाजून गेले. तेवढ्यात शेजारच्या टॅक्सीत बसलेला एक माणूस माझ्या नजरेस पडला. चार दिवसांची दाढी, आणि हातात बॅटरीवरचं दाढीचं यंत्र, तेही बंद पडलेलं. तो ते टॅक्सीच्या दारावर आपटत होता. मी झर्रकन मागे वळले.

"खाली उतरायचं नाही!"

"अगं, नुसतं बघतोय," हे म्हणाले आणि उतरले.

त्या माणसाला पाचला कामावर हजर व्हायचं होतं. "साहेब अशा तोंडानं उभं करणार नाहीत हो," तो रडकुंडीला आला होता. झालं! ह्यांनी पेटी टॅक्सीच्या टपावर उघडली, त्याचं डोकं खिडकीतून बाहेर घेतलं आणि ब्रश फिरवला. आजूबाजूचे हॉर्न थांबले. मटारवाल्या बाई मान वळवून बघू लागल्या.

एक गाल झाला, आणि तीन तास तुंबलेला रस्ता हलला. टॅक्सी गेली. हे रस्त्याच्या मधोमध, एका हातात वस्तरा, दुसऱ्यात पेटी. धावत येऊन गाडीत बसले आणि सुनेला म्हणाले, "त्या टॅक्सीच्या मागे घे."

टॅक्सी डावीकडे वळली होती. बस डेपोची पाटी सरळ दाखवत होती. सूनबाईनं एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा आरशात. उघडा वस्तरा घेतलेल्या सासऱ्याशी कोण वाद घालणार? तिनं डावीकडे घेतलं.

मी काय काय बोलले ते सांगत नाही. शेवटी ओरडले, "तुमच्या त्या गालापायी माझी बहीण चाललीय!"

"कळतंय गं मला," हे अगदी हळू म्हणाले. "पण तो माणूस अर्धा आहे."

टॅक्सी थांबली की हे उतरून धावायचे, आणि हे पोचायच्या आत ती सुटायची. तो माणूस फेसाळलेलं तोंड बाहेर काढून हात हलवायचा. या म्हणत होता की जा म्हणत होता, कळायला मार्ग नव्हता. पाच वाजून गेले. मी पदर तोंडाला लावला आणि आशा सोडली.

मग टॅक्सी एका फाटकातून आत शिरली. आम्हीही शिरलो. समोर बसगाड्या उभ्या होत्या. डेपोचं मागचं फाटक होतं ते! तो माणूस उतरला, पिशवीतून टोपी काढून डोक्यावर घातली आणि पाचच्या बसकडे पळाला. डेपोच्या साहेबांनी त्याचं तोंड बघितलं, आणि गाडीची चावी परत खिशात टाकली.

"असला अर्धवट ड्रायव्हर बघून माणसं बसतील का गाडीत? आधी दाढी!"

ह्यांनी त्याला बसच्या पायरीवर बसवलं. मी मात्र खिडक्या बघत होते. तिसऱ्या खिडकीत ताई होती. केस पार पांढरे झालेले.

"उशीर केलास," ती म्हणाली.

"बस आहे ना अजून?" तोंडच असलं माझं.

"ड्रायव्हरचा पत्ता नाही."

"आलाय तो. त्याची अर्धी दाढी आमच्याकडे आहे."

ताई माझ्याकडे बघत राहिली. मग पायरीकडे बघून खो खो हसली आणि मागच्या दारानं खाली उतरली. आम्ही बाकावर बसलो. तिनं माझा हात धरला.

"शिवता तरी येत होतं का गं तुला?" ती म्हणाली.

"नाही. आईचा पाय लागायचा त्याला, म्हणून हवं होतं."

"मलाही तेवढ्यासाठीच हवं होतं," ताई म्हणाली, आणि दोघींनाही रडू फुटलं.

ह्यांना एका दाढीला सात मिनिटं लागतात. मी डोळे पुसून बघितलं तेव्हा वीस झाली होती आणि हे तिसऱ्यांदा साबण लावत होते. उतारू ओरडत होते, "अहो, दाढी करताय की शेत नांगरताय?" साहेब घड्याळ दाखवत होते. "उलटे केस आहेत, साहेब," हे म्हणाले. दाढीच्या बाबतीत हे आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

मग ह्यांनी तुरटी हातात घेतली आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. नको. ह्यांनी तुरटी खाली ठेवली आणि हे झालेल्या गालावर पुन्हा ब्रश फिरवायला लागले.

शेवटी ताईच उठली. "पुरे गं आता. त्या बिचाऱ्याची सालं निघतील." तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि बसमध्ये जाऊन बसली.

मी ह्यांच्याकडे बघून हो म्हटलं, आणि ह्यांनी तुरटी फिरवली.